नागपूरचा एसी कोराडीत किती पाणी पितो

मार्च संपत आला की नागपुरात कूलर बाहेर निघतात. जुन्या ताट्या काढून नव्या बसवायच्या, टाकीला आतून रंग मारायचा, पंप पाणी चढवतो की नाही ते पाहायचे, हे उन्हाळ्याच्या तोंडावरचे काम वर्षानुवर्षे ठरलेले आहे. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत ते अजूनही होते. मात्र वर्धा रोड, मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या बाजूंना अलीकडे उभ्या राहिलेल्या इमारतींकडे रस्त्यावरून पाहिले, तर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेले कूलर कमी आणि भिंतींना लटकलेली एसीची बाहेरची युनिटे जास्त दिसतात. ज्या शहरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आहे, तिथे एसीला चैन म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. तरीही कूलरकडून एसीकडे होणाऱ्या या स्थित्यंतराचा पर्यावरणावर नेमका काय परिणाम होतो, हे समजून घेतले, तर विकसनशील देशांतील वाढत्या मध्यमवर्गाबद्दल जे ढोबळ बोलले जाते त्यातले किती खरे आणि किती अर्धवट, हे बऱ्यापैकी उलगडते.

मध्यमवर्ग कोणाला म्हणावे, याबाबत अर्थतज्ज्ञांत एकमत नाही. ब्रुकिंग्ज इन्स्टिट्यूशनचे होमी खरास सगळ्या जगासाठी एकच मोजमाप वापरतात. देशोदेशीच्या किमतींमधला फरक जमेस धरून ज्या कुटुंबात माणशी दिवसाला ११ ते ११० डॉलर खर्च होऊ शकतो, ते कुटुंब मध्यमवर्गीय, असे ते मानतात. त्यांच्या हिशेबाने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये जगातील निम्म्याहून अधिक लोक मध्यमवर्गात किंवा त्याच्याही वर पोहोचले, आणि या वर्गात नव्याने येणाऱ्यांपैकी बहुसंख्य आशियातले आहेत. भारतापुरते पाहायचे तर ‘प्राइस’ या संशोधन संस्थेने २०२०-२१ च्या किमतींनुसार वर्षाला ५ ते ३० लाख रुपये उत्पन्न असलेल्या कुटुंबांना मध्यमवर्गीय ठरवले आणि देशातील सुमारे ३१ टक्के लोक या कुटुंबांत राहतात, असे सांगितले. या व्याख्यांवर वाद होत राहतील. पर्यावरणाच्या दृष्टीने मात्र त्याहून उपयोगी प्रश्न असा की, उत्पन्न वाढत जाताना कोणत्या टप्प्यावर घरात पहिली कोणती वस्तू येते.

कारण उत्पन्न आणि खरेदी हातात हात घालून सारख्या गतीने वाढत नाहीत. घरात पंखा, टीव्ही, दुचाकी, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी आणि चारचाकी साधारण याच क्रमाने येतात, आणि प्रत्येक वस्तूसाठी उत्पन्नाची एक पायरी असते. त्या पायरीच्या खाली ती वस्तू जवळजवळ कोणाकडेच नसते. पायरी ओलांडली की काही वर्षांतच ती बहुतेकांकडे दिसू लागते. त्यामुळे एखाद्या देशातील लाखो कुटुंबे एकाच दशकात एकाच पायरीवर येऊन उभी राहिली, तर देशाचे सरासरी उत्पन्न जेमतेम दीडपट होऊनही त्या वस्तूची विक्री अनेक पटींनी वाढते. चीनच्या शहरांत १९९० च्या सुमारास घरगुती एसी अपवादानेच दिसत असे, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथे सरासरी घरामागे एक एसी झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार भारतातील सुमारे निम्म्या कुटुंबांकडे दुचाकी होती, ३८ टक्क्यांच्या आसपास कुटुंबांकडे फ्रिज होता, कूलर आणि एसी मिळून जवळपास २४ टक्के कुटुंबांकडे होते, तर मोटारगाडी जेमतेम ८ टक्क्यांकडे होती. थोडक्यात, दुचाकीची पायरी निम्म्या देशाने ओलांडली आहे आणि एसीच्या पायरीसमोर आता गर्दी जमू लागली आहे. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात शहरी कुटुंबांच्या खर्चातला खाद्यपदार्थांचा वाटा ४० टक्क्यांच्या खाली आणि ग्रामीण कुटुंबांचा ५० टक्क्यांच्या खाली आलेला दिसला; पोटापाण्यावरचा वाटा घटला की उरलेला पैसा ज्या वस्तूंकडे वळतो, त्यांतल्या बऱ्याच विजेवर किंवा पेट्रोलवर चालतात.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या शीतकरण कृती आराखड्यात असा अंदाज होता की, २०१७-१८ मध्ये सुमारे ८ टक्के घरांत असलेला एसी २०३७-३८ पर्यंत ४० टक्के घरांत पोहोचेल आणि देशाची एकूण शीतकरणाची गरज या वीस वर्षांत आठपट होईल. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ मध्ये जगातील एसींची संख्या १.६ अब्ज असल्याचे आणि काही केले नाही तर २०५० पर्यंत ती ५.६ अब्ज होईल, असे म्हटले होते. या वाढीचा मोठा भाग भारत, चीन आणि इंडोनेशिया या तीन देशांतून येणार आहे.

आता कूलर आणि एसी यांच्यातला फरक पाहू, कारण सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो.

कूलर कोणतीही थंडी ‘तयार’ करत नाही. बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या ताट्यांमधून आत ओढली जाते, ताट्यांतले पाणी वाफ होऊन उडते, आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते त्याच हवेतून काढून घेते. एक लिटर पाणी असे उडाले की विजेच्या भाषेत सुमारे पाऊण युनिटला थोडी कमी इतकी उष्णता शोषली जाते. नागपूरच्या मे महिन्यात दुपारच्या हवेतली आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली जाते, म्हणून हवा पाणी अधाशासारखी ओढते. बऱ्यापैकी मोठा डेझर्ट कूलर तासाला सहज दहा लिटर पाणी उडवतो, आणि वीज मात्र पंखा व पंप मिळून दोनशे वॅटच्या आसपास, म्हणजे पाच तासांत एक युनिट, एवढीच खातो. हवा सतत आत येऊन दुसऱ्या खिडकीतून बाहेर जावी लागत असल्यामुळे ही सगळी थंडी खोलीत टिकत नाही, हे खरे. पण विजेच्या इतक्या कमी खर्चात इतका आराम देणारे दुसरे यंत्र नाही. विदर्भात त्याने जे घर केले, ते हवामानाला नेमके जुळल्यामुळे.

त्याच्या मर्यादाही हवामानानेच ठरवल्या आहेत. मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, म्हणजे नवतपा, सरून मृगाच्या सुमारास हवेत दमटपणा आला की पाणी उडत नाही आणि कूलर खोलीत नुसती चिकट ओल भरतो. उकाडा मात्र तसाच असतो. जूनमधले हे पंधरा-वीस दिवस ज्यांनी काढले आहेत, त्यांना एसीचा मोह का होतो ते सांगायला नको. त्यात टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात, लोखंडी बॉडीला विजेचा धक्का बसून दरवर्षी कुठे ना कुठे जीव जातो, आणि टाकी दिवसातून दोन-दोनदा भरण्याचे काम बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येते. कूलरची थोरवी गाणाऱ्या पर्यावरणविषयक लेखांत हा शेवटचा मुद्दा सहसा नसतो. २०१९ च्या जुलैत पेंच प्रकल्पातले पाणी आटल्यामुळे नागपुरात एक दिवसाआड पाणीपुरवठा करण्याची वेळ आली होती. अशा वर्षी नळाच्या पाण्यावर चालणारा कूलर निर्दोष आहे, असेही म्हणता येत नाही.

एसी पाणी मागत नाही, हे त्याचे मोठे आकर्षण आहे. घरात मागत नाही, एवढेच त्यात खरे आहे.

नागपूरच्या सॉकेटमागे जे आहे, ते शहरापासून काही किलोमीटरवर दिसते. उत्तरेला महानिर्मितीची कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावरची वीजकेंद्रे, पूर्वेकडे एनटीपीसीचे मौदा. आणखी पुढे गेले तर गोंदिया जिल्ह्यात तिरोडा, दक्षिणेला चंद्रपूर. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत, खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॅट आहे आणि मौद्याची २३२०. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ केली जाते, ती वाफ चक्र फिरवते, आणि मग ती पुन्हा थंड करावी लागते. हे थंड करणे उंच, पोट आत घेतलेल्या शीतकरण मनोऱ्यांमध्ये चालते, आणि तिथे पाणी उडवूनच उष्णता बाहेर टाकली जाते. म्हणजे खिडकीतला कूलर जे करतो तेच काम तिथे अवाढव्य प्रमाणावर होत असते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांसाठी एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. दीड टनाचा एसी नागपूरच्या दुपारी तासाला एक ते दीड युनिट वीज खातो असे धरले, तर त्याच तासात औष्णिक केंद्रात साडेतीन ते पाच लिटर पाणी उडते. कूलरच्या निम्म्याच्या आसपास हे पाणी जाते, फरक इतकाच की ते ज्याच्या नळाचे असते, तो एसीसमोर बसलेला नसतो. कोराडीच्या बाबतीत एक चांगली गोष्ट नोंदवली पाहिजे: तिथे लागणाऱ्या पाण्याचा मोठा भाग भांडेवाडीच्या केंद्रात प्रक्रिया केलेले शहराचे सांडपाणी असते, त्यामुळे पेंचच्या पाण्यावरचा तितका भार हलका झाला आहे. देशात असा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करणारे नागपूर हे सुरुवातीच्या शहरांपैकी आहे.

पाण्यापेक्षा कोळशाचा हिशेब जास्त बोचरा आहे. भारतीय कोळशावर केलेल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो, आणि या कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्के असते, म्हणजे प्रत्येक युनिटमागे पाव किलोच्या आसपास राख उरते. रात्री आठ तास, उन्हाळ्याचे तीन महिने, आणि कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो हे धरून तासाला सरासरी एक युनिट, असा हिशेब केला तर एका खोलीचा एसी एका मोसमात सातशे युनिटांच्या आसपास वीज घेतो. ती सगळी कोळशाची असेल तर पावणेदोन क्विंटल राख त्या एका खोलीच्या नावावर जमा होते. या राखेपासून विटा आणि सिमेंट होते, आणि केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांना संपूर्ण राख वापरात आणण्याचे बंधन घातलेले आहे. ज्या सदनिकांमध्ये एसी बसतात, त्यांच्या भिंतीही कित्येकदा याच राखेच्या विटांच्या असतात. पण वापर न झालेली वर्षानुवर्षांची राख पाण्यात कालवून तलावांत साठवलेली आहे. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीच्या दिवसांत कोराडीचा खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला, राखेचा लगदा शेतांत आणि पुढे कोलार व कन्हान नद्यांत गेला, आणि कन्हानवर अवलंबून असलेल्या नागपूरच्या पाणीपुरवठ्यालाही त्याचा फटका बसला. तिथल्या गावांतल्या किती घरांत एसी असेल, याचा अंदाज कोणीही करू शकेल.

यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. विदर्भात तयार होणारी वीज विदर्भ एकटा वापरत नाही. राज्याच्या जाळ्यातून ती पुण्या-मुंबईपर्यंत जाते. हिंजवडीच्या कार्यालयातला किंवा ठाण्याच्या फ्लॅटमधला एसी सुरू झाला की त्याचा धूर आणि त्याची राख काही अंशी चंद्रपूर आणि कोराडीत उतरते. श्रीमंत देशांतील लोक वापरतात तो माल गरीब देशांत तयार होतो आणि प्रदूषण तिथे राहते, अशी रास्त तक्रार आपण जागतिक व्यासपीठांवर करतो. राज्याच्या आत तोच प्रकार चालतो, आणि कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॅटचे संच उभारण्याच्या प्रस्तावावर २०२३ च्या मे महिन्यात जी जनसुनावणी झाली, तिच्यातल्या विरोधामागे हीच भावना होती.

विजेचा विषय निघाला की कार्बन डायऑक्साइडचा येतोच. भारतातील कोळसा, जलविद्युत, अणू, सौर आणि पवन अशा सगळ्या स्रोतांची सरासरी काढली तर एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने वरच्या उदाहरणातला एसी मोसमाला पाचशे किलोच्या आसपास उत्सर्जन करतो. सरासरी भारतीय माणसाचे वर्षाचे उत्सर्जन दोन टनांच्या घरात आहे, म्हणजे एका खोलीचा तीन महिन्यांचा गारवा हा एका माणसाच्या वर्षभराच्या वाट्याच्या चौथा हिस्सा झाला.

परंतु एसीचा खरा लपलेला भाग विजेत नाही, त्याच्या नळ्यांत फिरणाऱ्या वायूत आहे, आणि याबद्दल ग्राहकाला जवळजवळ काहीच सांगितले जात नाही. दीड टनाच्या एसीत सुमारे एक किलो शीतकारक वायू असतो. जुन्या एसींमधला आर-२२ हा वायू ओझोनच्या थराला छिद्र पाडणाऱ्या वायूंपैकी होता, शिवाय हवेत सुटलेला एक किलो आर-२२ शंभर वर्षांच्या काळात सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. ओझोन वाचवण्यासाठी १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार त्याची हकालपट्टी सुरू झाली आणि त्याच्या जागी आर-४१०ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता अडवण्यात आर-२२ पेक्षाही पुढे, सुमारे २०८८ पट आहे. आता भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या घरगुती एसींत आर-३२ असतो, ज्याचा आकडा ६७५ आहे. प्रोपेन म्हणजे आर-२९० वापरणारे एसी गोदरेजने भारतात २०१२ पासून विकले; त्याचा आकडा जेमतेम तीन, मात्र तो ज्वालाग्राही असल्याने बसवणाऱ्याला चांगले प्रशिक्षण लागते.

हे आकडे घरातल्या अनुभवाशी जोडून पाहावेत. “गॅस संपला आहे, भरावा लागेल” असे मेकॅनिक सांगतो तेव्हा तो वायू पेट्रोलसारखा जळून संपलेला नसतो. तो बंद नळ्यांत फिरत राहण्यासाठी असतो, आणि कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती होऊन हवेत गेला. आर-२२ चा जुना एसी एकदा पूर्ण रिकामा झाला, तर तेवढ्याने तीन-साडेतीन मोसमांच्या विजेइतके नुकसान होते. गळतीची जागा न शोधता नुसता गॅस भरून देणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे. एसी बदलताना जुने यंत्र भंगारात जाते तेव्हा तांब्याच्या नळीसाठी ती कापली जाते आणि उरलेला सगळा वायू सुटतो. तो काढून घेऊन पुन्हा वापरण्याची साधने असतात, नियमही आहेत. भंगारवाल्याला तांब्याचा भाव मिळतो आणि वायू वाचवल्याचा काहीच मिळत नाही, तोवर ती साधने तो कशासाठी बाळगील?

२०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती होऊन हे नवे वायूही टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. त्यानुसार २०२४ ते २०२६ या वर्षांतील वापर हा भारतासाठी पाया धरला जाईल, २०२८ पासून वापर त्यावर गोठवला जाईल आणि २०४७ पर्यंत तो ८५ टक्क्यांनी घटवला जाईल. या मांडणीत एक गंमत आहे, तीही जाता जाता नोंदवायला हवी: पायाभूत वर्षांत वापर जितका जास्त, तितकी पुढची मुभा मोठी. चीनला आणि बहुतेक विकसनशील देशांना आधीची वर्षे मिळाली. आपली एसीची पायरी उशिरा येणार हे ओळखून भारताने नंतरची मागून घेतली. वाटाघाटीच्या दृष्टीने हे चतुरपणाचे होते.

सौर वीज वाढली की हा प्रश्न सुटेल, असे उत्तर बहुधा मिळते, आणि ते बरेचसे बरोबर आहे. केंद्राच्या २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत छतावर पॅनेल लावणाऱ्यांमध्ये नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर राहिला आहे. इथल्या उन्हाचा असा उपयोग होणे स्वाभाविकच आहे. अडचण वेळेची आहे. पॅनेल सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात भरपूर वीज देतात, आणि घरगुती एसी प्रामुख्याने रात्री जेवणानंतर सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटपर्यंत गेली, तो विक्रम दुपारचा होता आणि त्या वेळी सौर वीज हाताशी होती. व्यवस्थेची खरी परीक्षा त्यानंतर, सूर्य मावळल्यावर होते. छतावर पॅनेल असलेल्या कुटुंबाचे वीजबिल शून्य येते, कारण दिवसा जाळ्यात दिलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा होते. बिलाच्या कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात रात्री अकरा वाजता त्यांच्या एसीला वीज देणारा संच कोळशाचाच असतो. मोठ्या बॅटऱ्या किंवा पाणी वर चढवून साठवणारे जलविद्युत प्रकल्प पुरेसे होईपर्यंत ही स्थिती राहणार आहे. त्यातच एसी खोलीतली उष्णता आणि स्वतःच्या मोटारीची उष्णता बाहेर फेकतो, त्यामुळे दाट वस्तीत रात्रीचे तापमान आणखी थोडे चढते, आणि ज्यांच्याकडे एसी नाही त्यांच्या खिडकीतून तीच हवा आत येते.

इतके सगळे सांगितल्यावर मध्यमवर्गाला दोषी ठरवायचे का? माझ्या मते या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि ती दोन्ही एकाच वेळी धरून ठेवावी लागतात. जगाच्या पातळीवर पाहिले तर भारतीय माणूस वर्षाला सरासरी १४०० युनिट वीज वापरतो, जगाची सरासरी त्याच्या अडीचपटीच्या आसपास आहे आणि अमेरिकी माणूस आठपटीहून अधिक वापरतो. कार्बन उत्सर्जनातही भारताचा माणशी आकडा जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. १९६० च्या दशकापासून घरभर एसी चालवणाऱ्या देशाने ४५ अंशांत झोपणाऱ्या कुटुंबाला संयमाचे धडे द्यावेत, याला काही नैतिक आधार नाही, आणि उष्णतेच्या लाटेत माणसे मरतात हे लक्षात घेतले तर एसी काही वेळा औषधाच्या जागी असतो.

परंतु ‘सरासरी भारतीय’ हा कोणी खरा माणूस नाही. धरमपेठेतले तीन एसींचे घर आणि गडचिरोलीतले दोन दिव्यांचे घर यांची बेरीज करून निम्मे केले की तो तयार होतो. माणशी उत्सर्जनाचा आकडा आपण परदेशापुढे अभिमानाने मांडतो तेव्हा त्यातला कमीपणा गडचिरोलीच्या घरामुळे आलेला असतो, आणि त्याचा आडोसा आपण घेत असतो. वर्षाला ५ ते ३० लाख उत्पन्न असलेल्या शहरी कुटुंबाचा स्वतःचा हिशेब केला, तर तो जागतिक सरासरीच्या पुष्कळ जवळ जातो.

खर्च कमी करा, असा उपदेश मात्र फारसा कामाचा नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत सरकारी कंपनीने एलईडी दिवे घाऊक विकत घेतले, त्यामुळे त्यांची किंमत झपाट्याने उतरली, आणि काही वर्षांत ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. पिवळा बल्ब नाहीसा झाला, आणि त्यासाठी कोणालाही अंधारात बसावे लागले नाही. एसीच्या बाबतीत यंत्र विजेची किती बचत करते हे दाखवणारे तारांकन आहे, १ जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू करताच तो २४ अंशांवर लागावा असा नियम आहे, आणि तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. याला एक उलटी बाजू असते, तीही ध्यानात ठेवावी. पाच ताऱ्यांच्या एसीने बिल कमी झाले की पुष्कळ घरांत वाचलेल्या पैशांत दुसऱ्या खोलीचा एसी येतो. तरीही वाढ थांबत नसेल तर निदान ती चांगल्या यंत्रांची व्हावी, एवढे तारांकनाने साधते. मोटारींच्या बाबतीत मेट्रोने तेच साधायला हवे होते. २०२२ अखेर नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाला, पण स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर जिथे उन्हात चालावा लागतो, तिथे दुचाकी सुटत नाही.

या सगळ्या वस्तूंचे आयुष्य वेगवेगळे असते, आणि कोणता निर्णय किती काळ गळ्यात राहतो ते त्यावरून ठरते. एसी दहा-बारा वर्षांत बदलला जातो, त्यामुळे आज चुकीचा घेतलेला एसी २०३८ च्या आत भंगारात जाईल आणि त्याच्या जागी चांगला येऊ शकेल. औष्णिक संच एकदा उभा राहिला की पंचवीस-तीस वर्षे चालवावा लागतो, नाहीतर त्यावरचे कर्ज फिटत नाही. इमारत मात्र पन्नास-साठ वर्षे उभी राहते, आणि एसीची गरज किती असेल हे बरेचसे तीच ठरवते. जाड भिंती, उंच छत आणि मधला चौक असलेल्या जुन्या नागपुरी वाड्यात दुपारी दार लावून घेतले की एक पंखाही पुरत असे. आजच्या सदनिकेत वरच्या मजल्याचा सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. छतावर पांढरा परावर्तक थर दिला तर आतले तापमान काही अंशांनी उतरते, आणि हा उपाय एसीच्या किमतीच्या मानाने स्वस्त आहे. शिवाय कूलरला समोरासमोर दोन खिडक्या लागतात आणि बाहेर तो ठेवायला जागा लागते. एसीसाठीच आखलेल्या सदनिकेत खिडकी एकाच बाजूला असते, तिला सरकत्या काचा असतात आणि बाहेर फक्त एसीच्या युनिटपुरती कपार काढलेली असते. तिथे राहायला येणाऱ्या कुटुंबाने कूलर वापरायचे मनात आणले, तरी तो बसवायचा कुठे?

केंद्र सरकारने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. भिंती, काचा आणि छत यांतून घरात किती उष्णता शिरू द्यायची याची मर्यादा तिच्यात आकड्यांत दिलेली आहे, आणि २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती करून मोठ्या निवासी इमारतींनाही अशा संहितेखाली आणण्याची तरतूद झाली. प्रत्यक्ष अंमल राज्यांनी आपल्या नियमांत ती उतरवण्यावर आणि महापालिकेने नकाशा मंजूर करताना ती तपासण्यावर अवलंबून आहे. बेसा-बेलतरोडीकडे जे स्लॅब या वर्षी पडत आहेत, त्यांत राहणारी माणसे २०७० च्या उन्हाळ्यातही तिथेच असतील. फ्लॅट बघायला येणारे कुटुंब पार्किंग विचारते, वास्तू विचारते, मेट्रो स्थानक किती लांब ते विचारते. पश्चिमेकडची भिंत किती जाडीची आहे आणि छतावर उष्णतारोधक थर आहे का, हे विचारणारे ग्राहक अजून इतके थोडे आहेत की बिल्डरच्या माहितीपत्रकात त्यासाठी ओळसुद्धा नसते.